मेळघाटला पहिल्यांदा जाताय? गेट, मुक्काम, गाडी, सगळं एका जागी

पुण्याहून आम्ही पहिल्यांदा मेळघाटला गेलो तेव्हा मुक्काम होता सेमाडोहला आणि सकाळची सफारी होती शहानूर गेटची. बुकिंग करून देणाऱ्याने दोन्हीकडे नुसतं मेळघाट लिहिलं होतं आणि आम्हीही काही विचारलं नाही. रात्री जेवताना तिथल्या वाढणाऱ्या दादांनी सांगितलं की ताई, शहानूर अकोटकडे आहे, इथून घाट उतरून परतवाडा, मग अंजनगाव, अकोट असं फिरून जावं लागेल, शंभर किलोमीटरच्या वर होतं. सफारी गेली, पैसे गेले. सोबत सासूबाई-सासरे होते, दोघांनी आयुष्यात कधी जंगल बघितलं नव्हतं, त्यांचे उतरलेले चेहरे मला अजून आठवतात. त्यानंतर मी पाच वेळा जाऊन आले, वेगवेगळ्या मोसमात, एसटीने पण आणि स्वतःच्या गाडीने पण. जे जे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं ते सगळं खाली लिहितेय.

१. आधी घरात बसून ठरवा की कशासाठी जायचंय

ही पायरी सगळे सोडून देतात आणि मग परत येताना गाडीत सगळे गप्प असतात.

मेळघाट म्हणजे सातपुड्याचा डोंगर, अमरावती जिल्ह्याचा वरचा भाग आणि थोडा अकोला-बुलढाण्याकडचा. घाट एकमेकांना मिळतात म्हणून मेळघाट. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत हे एक होतं, आणि गाभा क्षेत्रच जवळपास १५०० चौरस किलोमीटर आहे. वाघ आहेत, चांगले आहेत. पण सगळी जमीन चढउताराची, दऱ्याखोऱ्यांची, साग आणि बांबू दाट, त्यामुळे वाघ दहा पावलांवर असला तरी दिसत नाही. ताडोबात जसं तळ्याकाठी गाड्या थांबतात आणि वाघ समोरून चालत जातो तसं इथे धरून चालू नका. फक्त वाघच बघायचा असेल आणि सुट्टी दोनच दिवस असेल तर ताडोबाला जा, मी मनापासून सांगतेय, त्यात काही कमीपणा नाही.

इथे यायचं ते डोंगरातल्या जंगलासाठी. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या इथल्याच, सगळ्या पुढे तापीला मिळतात. इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत सिपना म्हणजे साग, म्हणजे नदीचं नावच सागाची नदी. रानगवे आहेत, अस्वलं आहेत, रानकुत्री, सांबर, चौशिंगा, आणि नशीब असेल तर रानपिंगळा, म्हणजे एक दुर्मिळ छोटं घुबड, त्याच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय कारण माझ्यासाठी तोच मेळघाटला जायचं पहिलं कारण आहे.

किमान तीन रात्री काढा. एका रात्रीत येऊन-जाऊन अर्धा वेळ घाटातच जातो.

२. महिना निवडा

पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभ्यातली सफारी बंद असते. तेव्हा चिखलदरा हिरवंगार असतं, धबधबे, धुकं सगळं असतं, पण शनिवार-रविवारी गर्दी इतकी की घाटात गाड्यांची रांग लागते. चिखलदरा बघणं आणि मेळघाटचं जंगल बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा, बरेच जण ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याला जाऊन मेळघाट बघितलं म्हणतात.

नोव्हेंबर ते जानेवारी हवा छान, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर हेच महिने. पण थंडी खरोखर लागते, चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे आणि पहाटे उघड्या जिप्सीत वारं कानात घुसतं, पुण्याचा स्वेटर पुरत नाही.

फेब्रुवारी-मार्च मला सगळ्यात आवडतो. पळस फुललेला असतो, सागाची पानं गळायला लागतात त्यामुळे आतपर्यंत नजर जाते, मार्चच्या शेवटी मोहाची फुलं पडायला लागतात आणि पहाटे सगळ्या जंगलात तो गोडसर वास असतो. एकच सांभाळायचं, होळी. कोरकू लोकांचा हा वर्षातला सर्वात मोठा सण, पाच दिवस चालतो, बाहेरगावी कामाला गेलेले सगळे घरी परततात, रस्त्यात ढोल-बासरी वाजवत लोक फगवा, म्हणजे सणाचे पैसे, मागतात. बघायला फार सुंदर, पण त्या दिवसांत गाईड, ड्रायव्हर, स्वयंपाकी मिळणं अवघड असतं कारण तेही इथलेच आहेत. तेव्हा जायचंच असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी जेवणाची सोय आहे का ते आधी नक्की विचारा, आणि फगव्यासाठी सुटे पैसे ठेवा, वाद घालू नका.

एप्रिल-मे मध्ये जनावरं पाणवठ्यावर येतात म्हणून दिसायची शक्यता जास्त, पण खालच्या भागात ऊन भयंकर असतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं मचाणावर बसून पाणवठा बघायची संधी देतं, त्याचं बुकिंग वेगळं होतं आणि लगेच भरतं. पहिल्याच ट्रिपला ते करू नका असं मी म्हणेन, रात्रभर न बोलता, न हलता बसणं सगळ्यांना जमत नाही.

३. आधी गेट, मग मुक्काम

आमची चूक इथेच झाली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेळघाटला एकच मोठं प्रवेशद्वार नाही. डोंगराच्या दोन बाजू धरा. एक बाजू परतवाड्याहून वर चढून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्याची, यात सेमाडोह, कोलकास, हरिसाल येतं, आणि चिखलदरा-वैराटही याच बाजूने गाठायचं. दुसरी बाजू दक्षिणेची, अकोटकडून, यात पोपटखेड, शहानूर आणि नरनाळा किल्ला. नकाशावर दोन्ही अगदी जवळ दिसतात कारण मध्ये फक्त हिरवा रंग असतो, पण तो हिरवा रंग म्हणजे गाभा क्षेत्र आहे, त्यातून तुमची गाडी आरपार जात नाही. डोंगराला वळसा घालूनच जावं लागतं.

आणखी एक घोळ. मॅपवर नुसतं शहानूर टाकलंत तर अंजनगाव सुर्जीकडचं शहानूर धरण पण येतं. सफारीचं शहानूर नरनाळ्याच्या पायथ्याचं आहे, अकोटहून पोपटखेड करत जायचं.

तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी परतवाडा-सेमाडोह बाजू निवडावी असं माझं मत. सेमाडोहला वनखात्याचं पर्यटन संकुल आहे, माहिती केंद्र आहे, सिपना शेजारून वाहते. कोलकासचं विश्रामगृह नदीच्या वळणावर उंचावर आहे, संध्याकाळी व्हरांड्यात नुसतं बसलं तरी प्रवास वसूल होतो, पण खोल्या कमी आणि त्या आधी जातात.

इतिहासाची आवड असेल तर दुसऱ्या खेपेला शहानूर बाजू घ्या. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा, त्यावरचं कोरीवकाम, वर पडलेली नऊगजी तोफ, आणि किल्ल्याच्या चहूबाजूंनी जंगल. मात्र किल्ल्यावर जायलाही वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेत खाली यावं लागतं.

४. बुकिंग करताना

सफारी आणि वनखात्याच्या खोल्या, दोन्हीचं बुकिंग वनखात्याच्या अधिकृत ऑनलाईन पोर्टलवरून स्वतः करा. अवघड काही नाही. मधल्या माणसाकडून करून घेतलंत तर पावतीवर गेटचं नाव, तारीख, सकाळ की दुपार, आणि सगळ्यांची नावं छापलेली आहेत का ते पैसे देण्याआधी बघा.

नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच टाका. घरात पिंकी म्हणतात म्हणून पिंकी टाकलं आणि आधारवर प्रियांका असलं की नाक्यावर अडचण. लहान मुलांचं पण ओळखपत्र ठेवा.

प्रवेश फी, जिप्सी, गाईड आणि मोठा कॅमेरा असेल तर त्याची फी, यातलं काय ऑनलाईन भरलंय आणि काय तिथे रोख द्यायचंय हे आधी समजून घ्या. एका जिप्सीत साधारण सहा जण आणि सोबत गाईड, ड्रायव्हर असतो. तुम्ही दोघंच असाल तर पूर्ण गाडीचा खर्च तुमच्यावर येतो, त्यामुळे दोन कुटुंबं मिळून जा. आठवड्यात कोणत्या दिवशी ते गेट बंद आहे तेही बुकिंगच्या वेळीच बघून घ्या.

५. पोचायचं कसं

रेल्वेने आलात तर बडनेरा, मुंबई-नागपूर मार्गावर आहे आणि अमरावती तिथून दहा-एक किलोमीटर. मुंबईहून अमरावतीपर्यंत थेट रात्रीची गाडी पण आहे, ती मिळाली तर सगळ्यात सोयीची. अमरावतीहून परतवाडा साधारण ५० किलोमीटर, एसटी भरपूर. परतवाड्याहून धारणीला जाणाऱ्या एसटीने सेमाडोहला उतरता येतं, पण त्या गाड्या मोजक्या आणि वेळ बदलते, म्हणून अमरावतीहून निघायच्या आधी स्टँडवर विचारूनच निघा.

परतवाडा हे शेवटचं मोठं गाव समजा. पेट्रोल, रोख रक्कम, औषधं, मुलांचा खाऊ, सगळं इथे घ्यायचं. पुढे घाटांग सोडलं की जंगल लागतं आणि फोनचं नेटवर्क येतं-जातं, बहुतेक जातंच. त्यामुळे घरी फोन परतवाड्यातच करून टाका, सांगून ठेवा की दोन दिवस लागणार नाही, नाहीतर घरचे काळजी करत बसतात.

दुपारी तीनच्या आत परतवाडा सोडा. सेमाडोह तिथून पन्नासेक किलोमीटर आहे पण वळणं खूप, आणि अंधारात या रस्त्याने गाडी चालवणं तुमच्यासाठीही धोक्याचं आणि जनावरांसाठीही. आम्ही एकदा सातच्या सुमारास जात होतो, वळणावर मधोमध गवा उभा होता, दिव्याच्या उजेडात आधी फक्त पायाचे पांढरे मोजे दिसले. आम्ही हळू होतो म्हणून. हॉर्न न देता, दिवे मंद करून थांबलो, पाच-सात मिनिटांनी तो स्वतःच उतरून गेला.

६. काय काय सोबत घ्यायचं

कागदपत्रं:
- बुकिंगची छापील पावती, फोनमधली पुरत नाही असं नाही पण नेटवर्क नसलं की उघडतच नाही
- सगळ्यांची मूळ ओळखपत्रं, बुकिंगला दिलेलीच, आणि परदेशी नागरिक असतील तर पासपोर्ट
- गाडीची आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स
- सुटी रोख रक्कम, १०० आणि ५० च्या नोटा जास्त

सामान:
- मातकट, खाकी, हिरवे कपडे, पूर्ण बाह्यांचे. भडक रंग आणि अत्तर घरी
- थंडीत कानटोपी, हातमोजे, एक शाल. उन्हाळ्यात मोठा पंचा किंवा ओढणी, धूळ आणि ऊन दोन्हीला
- दुर्बीण. कॅमेऱ्यापेक्षा हीच जास्त कामी येते, घरात एखादी जुनी असली तरी चालेल
- टॉर्च, पॉवर बँक (वीज जाते), पाण्याच्या पुन्हा भरायच्या बाटल्या
- रोजची औषधं दोन दिवस जास्तीची, ओआरएस, डासांचं मलम, आणि गवतातून चाललात तर रात्री पायावर गोचीड बघायची सवय

दवाखाना लागलाच तर अचलपूर-परतवाडा किंवा पलीकडे धारणी. सोबत हृदयाचा किंवा दम्याचा पेशंट असेल तर हे अंतर डोक्यात ठेवून ठरवा.

७. सफारीच्या सकाळी

वेळेच्या अर्धा तास आधी गेटवर. चहा पिऊन, बाथरूमला जाऊन या कारण आत गाडीतून उतरता येत नाही.

गाईडला पहिलंच वाक्य "वाघ दाखवा" असं म्हणू नका. मी आधी हेच करायचे, आणि मग तो बिचारा साडेतीन तास नुसता वाघाचे पगमार्क (पावलांचे ठसे) शोधत पळवतो. त्याऐवजी सांगा की आम्हाला सावकाश फिरायचंय, झाडं, पक्षी, ठसे सगळं बघायचंय. गाईड बहुतेक इथल्या गावातलेच असतात आणि त्यांना जे माहिती आहे ते कोणत्याही माहितीफलकावर नाही. एकदा गाईडने गाडी थांबवून मोहाच्या खोडावरचे अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले, जुने कोणते, नवे कोणते, आणि अस्वल चढताना नखं कशी रोवतं, उतरताना कशी घसरतं ते सगळं त्या एका खोडावर वाचून दाखवलं. सासऱ्यांनी (दुसऱ्या खेपेला त्यांना परत घेऊन गेलो होतो) घरी आल्यावर वाघाबद्दल एक शब्द काढला नाही, महिनाभर त्या झाडाबद्दलच सांगत होते.

बंद झालेल्या गावांच्या जागा पण विचारा. कोहा, कुंड, बोरी अशी गाभ्यातली गावं बाहेर येऊन वसली आणि जिथे शेतं होती तिथे आता गवताळ कुरणं झालीत, सांबर, गवे तिथे उघड्यावर चरताना दिसतात. ते बघताना एवढं मनात असू द्या की ते कुरण म्हणजे कुणाचं तरी गाव होतं.

फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत वणव्याचा काळ. रस्त्याच्या कडेला जाळलेले काळे पट्टे दिसतील, त्या जाळरेषा आहेत, आग पुढे पसरू नये म्हणून वनमजुरांनी काढलेल्या. या काळात विडी-सिगारेट, चूल, काहीही नाही, गाडीतून पण नाही. एका थोटकामुळे डोंगरचा डोंगर जातो आणि तो विझवायला ही माणसं झाडाच्या हिरव्या फांद्या घेऊन पायी जातात.

८. रानपिंगळ्यासाठी एक सकाळ वेगळी ठेवा

हा छोटासा घुबडाचा प्रकार १८८४ नंतर कुणाला दिसलाच नव्हता, संपला असं धरलं होतं, आणि ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये आपल्याच शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. पुढे मेळघाटात तो बऱ्यापैकी आहे असं कळलं. बाकी घुबडांसारखा हा रात्रीचा नाही, सकाळी उन्हात निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर बसलेला दिसतो, म्हणून हिवाळा संपताना शोधायला सोपं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतातच, आणि छाती वरून तपकिरी भरीव दिसते.

नेमक्या जागा मी मुद्दाम लिहीत नाहीये. पक्ष्यांची माहिती असणारा गाईड मागा, तो नेईल. आणि कृपा करून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका, कुणी वाजवत असेल तर थांबवा. आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजून तो घरटं सोडून भांडायला येतो, तेवढ्यात पिल्लांकडे कुणी बघायला नसतं. मी तीन सकाळी रिकाम्या हाताने परतल्यावर चौथ्या सकाळी तो दिसला, पाच मिनिटं, शेपटी डावी-उजवी हलवत होता. पुरेसं होतं.

९. गावात जाताना

सेमाडोह, हरिसाल ही कोरकू माणसांची गावं आहेत, तिथे लोक राहतात, काम करतात. कोरकू ही भाषा संथाली, मुंडारीच्या घराण्यातली, मराठीशी तिचं नातं नाही, पण बहुतेकांना मराठी-हिंदी येतं. राम राम घाला, विचारून बसा.

मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि गाडीतून चॉकलेटं फेकू नका, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि फार वाईट वाटतं. मेळघाट म्हटलं की शहरात कुपोषणाच्या बातम्याच आठवतात, त्या खोट्या नाहीत, पण म्हणून समोरचं मूल दयेची वस्तू होत नाही. मदत करायचीच असेल तर गावातला गाईड घ्या, गावातल्या बाईकडे जेवण सांगा, पैसे नीट द्या. बाजरी-ज्वारीची भाकरी, कुटकीचा भात, झुणका, आदल्या दिवशी सांगितलं तर मिळतं.

मोहाच्या दिवसांत पहाटे बायका-मुलं टोपल्या घेऊन फुलं वेचायला जातात. त्या वेळी अस्वलंही त्याच झाडाखाली असतात, म्हणून हौसेने एकटं चालत जाऊ नका, त्यांना सवय आहे, आपल्याला नाही.

१०. शेवटचा दिवस चिखलदऱ्याला

सेमाडोहहून चिखलदऱ्याला घाटाचा रस्ता आहे, सकाळी निघा. पॉइंट सगळे करायची गरज नाही. भीमकुंड बघा, भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, त्याचंच चिखलदरा झालं असं इथे सांगतात. मग गाविलगडला तीन तास द्या. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीने हा किल्ला मराठ्यांकडून घेतला, तटबंदी आणि दरवाजे अजून उभे आहेत, वर तलाव आहेत, सावली कमी, पाणी सोबत घ्या आणि चारच्या आत बाहेर पडा.

कॉफीची झाडं इथेच बघून घ्या, महाराष्ट्रात एरवी दिसत नाहीत. गवळ्यांकडची रबडी, खवा घ्यायचा तर सकाळचा ताजा घ्या. मध घेताना जवळच्या आमझरी गावचा किंवा वनखात्याच्या विक्रीकेंद्रातला बघा, रस्त्यावरच्या बाटलीत बहुतेक वेळा गुळाचा पाक असतो.

चार दिवसांचा सगळा प्लास्टिक कचरा एका पिशवीत बांधून गाडीत ठेवा आणि खाली परतवाड्याला आल्यावर टाका, वर कुठेही टाकलात तरी शेवटी माकडांच्या हातात जातो. आणि अमरावतीहून रात्रीची गाडी असेल तर चिखलदरा दोनलाच सोडा, घाटात एक ट्रक बंद पडला की दोन तास कुठे जात नाहीत.